औषधाच्या पुडीत नाटकाचं तिकीट: कागद, घडी आणि दारावरची व्यवस्था याबद्दल सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमची एक हौशी नाट्यसंस्था आहे. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी तालमी करणारी माणसं. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे नेपथ्य, पोस्टर, पत्रिका असं रंगाकागदाचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. नोव्हेंबरच्या मध्यावर मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात आमच्या नव्या दोन अंकी नाटकाचा पहिला प्रयोग आहे. रंगभूमी दिनाला, म्हणजे ५ नोव्हेंबरलाच करावा अशी सगळ्यांची फार इच्छा होती. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं त्या गावची आम्ही माणसं. पण त्या दिवशी सांगलीत भावे गौरवपदकाचा सोहळा असतो आणि आमच्यातले निम्मे तिथे राबत असतात. म्हणून पुढचा आठवडा धरला.

नाटक एका कंपाउंडरवर आहे. तालुक्याच्या गावातला दवाखाना, काळ साधारण १९७०च्या आसपासचा. डॉक्टर येतात, बदलून जातात. कंपाउंडर मात्र तिथेच. गावाला डॉक्टरपेक्षा त्याचाच भरवसा जास्त. माझे वडील कंपाउंडर होते, त्यामुळे हे नाटक मला किती जवळचं आहे ते वेगळं सांगायला नको.

तर कल्पना अशी. तिकीट नुसतं हातात न देता ते औषधाच्या पुडीत द्यायचं. खलात गोळी कुटून, चौकोनी कागदावर भुकटी घेऊन कंपाउंडर जी पुडी बांधायचे, ती पुडी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कागद आडवा ठेवायचा. वरची कड बोटभर खाली दुमडायची, खालची कड त्या दुमडीत सरकवायची आणि नखाने दाबून दोन-तीन वेळा घडी घालत यायची. मग हातात लांब पट्टी येते. तिची दोन्ही टोकं मागे वळवायची आणि एक टोक दुसऱ्याच्या खाचेत खोचायचं. डिंक नाही, दोरा नाही, टाचणी नाही, आणि पिशवीत उलटीपालटी झाली तरी कण सांडत नाही. वडील बोलता बोलता, पेशंटकडे बघत बघत हे करायचे. हाताकडे लक्षही नसायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे पातळ औषधाच्या बाटलीवरची डोसाची पट्टी. कागदाची अरुंद पट्टी सारख्या घड्यांत दुमडायची, कडेला कात्रीने तिरके काप द्यायचे आणि उलगडून खळीने बाटलीच्या सपाट अंगाला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. ही पट्टी पुडीला सीलसारखी लावावी असं डोक्यात आहे. निमंत्रितांसाठी खरोखरच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत गुंडाळी करून तिकीट द्यावं असाही विचार चालू आहे.

तिकिटं ४०० काढणार आहोत, दर २०० रुपये. वेष्टन आणि तिकीट मिळून एका नगाला बारा रुपयांच्या वर जायचं नाही असं खजिनदारांनी बजावलं आहे. मला मुख्यतः हे विचारायचं आहे: पुडीसाठी कागद कोणता घ्यावा, आत तिकीट कोणत्या मापाचं बसेल, दारावर यामुळे खोळंबा होईल का, आणि फोनवरून तिकीट घेणाऱ्यांचं काय करायचं. पुडीवर "सर्व दुखण्यांवर गुणकारी" असं जुन्या जाहिरातीच्या थाटात छापायचं मनात आहे. तेही कसं वाटतं ते सांगा.

खिळेजुळारी

ताई, कल्पना आवडली. माझा प्रेसचा धंदा आहे, आधी वडिलांनी खिळे जुळवले, आता मी ऑफसेट आणि डिजिटल बघतो. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांपुरतं सांगतो.

पुडीला ८० किंवा ९० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा बिनचकाकीचा कागद घ्या, त्यातही पांढऱ्याफेक ऐवजी थोडा पिवळसर झाकेचा. याहून जाड गेलात तर टोक खाचेत खोचताना कागद फुगतो आणि पुडी आपोआप उघडते. याहून पातळ घेतलात तर आतलं तिकीट बाहेरून दिसतं. आर्ट पेपरच्या वाटेला अजिबात जाऊ नका. घडीवर त्याचा थर तडकतो आणि शाई सुटून पांढरी रेघ दिसते. क्राफ्ट पेपर दिसायला छान, पण तो वाण्याच्या दुकानाचा वाटेल, दवाखान्याचा नाही.

कागदाला धागा असतो हे तुम्ही चित्रकलेच्या आहात म्हणून तुम्हाला ठाऊक असेलच. लांब घड्या धाग्याच्या दिशेने आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर घडी खरखरीत होते आणि चारशे पुड्या बांधणाऱ्यांची बोटं सोलवटतात. एक कागद घेऊन उभा-आडवा फाडून बघा, ज्या बाजूने सरळ फाटेल तो धागा.

माप असं बसेल. तिकीट ४ बाय २ इंच ठेवा. तयार पुडी साडेचार बाय सव्वादोनच्या आसपास होईल आणि तिला एक ए४ कागद पुरतो, थोडी कड कापावी लागेल. म्हणजे एका रीमच्या ५०० कागदांत तुमचं काम होऊन नमुन्याला आणि नासाडीला शंभर उरतात. पुडीवर एकाच रंगात छपाई करा, गडद निळा किंवा काळा. दोन्ही बाजूंना छापलंत तर आतल्या बाजूला श्रेयनामावली जाईल आणि वेगळी पत्रिका छापायचा खर्च वाचेल.

तिकीट ३०० जीएसएमच्या कार्डावर डिजिटल करा. १३ बाय १९च्या शीटवर चार बाय दोनची चोवीस तिकिटं बसतात. १७ शीटमध्ये ४०८ झाली, वरची आठ नमुन्याला. डिजिटलचा फायदा म्हणजे आसन क्रमांकांची एक्सेल फाइल दिलीत की प्रत्येक तिकिटावर वेगळा क्रमांक आपोआप येतो, हाताने लिहायला नको. फाडायच्या जागी परफोरेशन, म्हणजे बारीक छिद्रांची रेघ, मात्र ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छोट्या छपाई यंत्रावर मारून घ्या. बऱ्याच जुन्या प्रेसवाल्यांनी नंबरिंग, परफोरेशन आणि क्रीजिंगपुरतं ट्रेडल मशीन ठेवलेलं असतं. कोपऱ्यात झाकलेलं असेल, विचारायचं.

आणखी एक, फाइल देताना मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करून द्या. युनिकोडमधलं मराठी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. तिकिटावर "प्रयोग" हा शब्द तुटून छापलेला मी पाहिला आहे आणि तो चारशे लोकांच्या हातात गेला होता.

आमच्याकडच्या दराने दोन्ही मिळून नगाला पाच रुपयांच्या आत बसवता येईल. बाटलीचं मात्र मनातून काढा. काच, बूच, आत गुंडाळलेलं कार्ड, पुन्हा ते बाहेर काढायला चिमटा. गुंडाळलेलं कार्ड सरळ होत नाही, आणि नाट्यगृहात काचेची बाटली नेऊ देतील असं मला वाटत नाही.

विंगेतला

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. बारा गुणिले चारशे म्हणजे ४८०० रुपये. तेवढ्यात प्रकाशयोजनेसह नाट्यगृहातली एखादी जादा तालीम पदरात पडेल. हौशी संस्थांची नाटकं कुठे मार खातात ते मी वर्षानुवर्षं विंगेत उभा राहून बघतोय. नट रंगमंचावर पहिल्यांदा दिव्यात येतात ते थेट प्रयोगाच्या दिवशी, आणि जागा चुकतात. प्रेक्षक तिकीट खिशात टाकतो आणि विसरतो. त्याला लक्षात राहतं ते समोर घडलेलं. पैसा तिथे घाला असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

कृष्णाकाठची

खिळेजुळारी दादा, मनापासून आभार. धाग्याचं बरोबर आहे, काल आडव्या कागदावर करून बघत होते आणि घडी बसत का नाही ते कळत नव्हतं. बाटली रद्द.

विंगेतला सर, राग कसला. तालमीचा मुद्दा शंभर टक्के पटतो आणि दिव्यांसकट एक पूर्ण तालीम आम्ही आधीच धरली आहे. पण तिकिटाकडे मी शोभेची वस्तू म्हणून बघत नाहीये. आमचं नाटक कुठल्या मालिकेतल्या चेहऱ्यावर चालणार नाही, लेखक आमच्यातलाच, नट आमच्यातलेच. माणसाच्या हातात पहिल्यांदा जे पडेल त्यातूनच त्याला या दवाखान्याचा वास आला पाहिजे असं मला वाटतं. वासावरून आठवलं, पुडीला निलगिरीच्या तेलाचा एखादा थेंब लावला तर? गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांना अत्तराचा घमघमाट असायचा असं जुन्या आठवणींत वाचलं आहे.

तिसरीघंटा

मी पंचवीसेक वर्षं नाटकांचं बुकिंग आणि दार सांभाळलं, आधी पुण्यात, मग कोल्हापूर-सांगली पट्ट्यात दौऱ्यांची व्यवस्था बघितली. आता निवृत्त आहे. ताईंचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं, कारण तिकीट छापणारे आणि तिकीट फाडणारे यांची गाठ कधी पडत नाही.

पहिल्यांदा विंगेतल्यांच्या मुद्द्याबद्दल. हौशी संस्थेची तिकिटं खपत कशी? सभासद पुस्तक घेऊन घरोघरी, दुकानोदुकानी फिरतात. माणूस भिडेखातर दोन तिकिटं घेतो, पैसे देतो आणि तिकीट टीव्हीखालच्या खणात ठेवतो. प्रयोगाच्या रात्री प्लॅन, म्हणजे आसनांचा तक्ता, पूर्ण भरलेला असतो आणि प्रेक्षागृहात खुर्च्या रिकाम्या. तुमचे पैसे आलेले असतात, पण पहिल्या अंकातल्या विनोदाला हसायला माणूस नसतो. नटाला ते फार लागतं. देणगी प्रवेशिकांच्या बाबतीत तर हे ठरलेलंच. म्हणून मला विचाराल तर वेष्टनाचं काम तिकीट विकणं हे नाही, घेतलेल्या माणसाला प्रयोगाला आणणं हे आहे. पुडी घरात समोर दिसत राहील, कोणी तरी विचारेल "हे काय", पोरं उघडायला मागतील. त्यासाठी चार रुपये खर्च झाले तर ते प्रयोगावरच खर्च झाले असं मी धरेन.

पण मग पुडीच्या बाहेरच्या अंगावर तारीख, वार आणि वेळ ठळक पाहिजे. लोक पुडी जपून ठेवतील, न उघडता. आत तारीख असून काय उपयोग? औषधाच्या पाकिटावर कंपाउंडर "सकाळ-संध्याकाळ" लिहायचे त्या जागी "शनिवारी रात्री ९ वाजता" असं हाताने लिहिल्यासारखं येऊ दे.

आता दार. पुडी दारावर उघडायची वेळ आली तर तुमचा प्रयोग वीस मिनिटं उशिरा सुरू होईल, लिहून ठेवा. दुसरी घंटा होते आणि तेव्हाच दीडशे माणसं एकदम पायऱ्या चढतात. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात पोर, आणि डोअरकीपर म्हणतोय पुडी सोडा. हे होऊ द्यायचं नाही. पुडीच्या मागे स्पष्ट छापा: "तिकीट घरीच बाहेर काढून ठेवा." तरीही निम्मे लोक बंद पुडी घेऊनच येतील. त्यांच्यासाठी पायऱ्यांच्या आधी एक टेबल टाका आणि तिथे संस्थेची दोन तरतरीत मुलं बसवा, पुडी सोडून तिकीट हातात आणि कागद परत त्यांच्या हातात. मुलांना पांढरा कोट घातलात तर ते टेबल दवाखान्याच्या खिडकीसारखं दिसेल आणि रांगेतल्या माणसाला खोळंबा वाटणार नाही.

तिकीट स्वतः साधं ठेवा. अगदी साधं. सगळी कलाकुसर पुडीवर. अंधारात बॅटरीच्या उजेडात साठीचा डोअरकीपर ते वाचणार आहे. रांग आणि आसन क्रमांक तिकिटावरचा सगळ्यात मोठा मजकूर हवा, नाटकाच्या नावापेक्षाही मोठा. काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं वगैरे नको. क्रमांक दोन्ही तुकड्यांवर पाहिजे, प्रेक्षकाकडे राहणाऱ्या आणि आपण फाडून घेतो त्याही. बरेच जण फक्त एका बाजूला छापतात आणि मग मध्यंतरात "ही खुर्ची माझी" असा वाद झाला की पडताळायला हातात काही नसतं. फाडलेल्या तुकड्यांवरूनच नंतर हिशेब लागतो, किती आले आणि किती आले नाहीत.

आवाजाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. एका नाटकाला तिकीट सेलोफेनच्या पाकिटात होतं, वर सोनेरी रिबन. संहितेत दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पूर्ण शांततेचा प्रवेश होता. त्या शांततेत प्रेक्षागृहात चारी बाजूंनी कडकड, चुरचुर. लोक हातातली वस्तू नकळत चाळवतात, त्यांचा दोष नाही. प्रेसवाल्या दादांनी मॅपलिथो सांगितलाय तो या दृष्टीनेही योग्य आहे. बटर पेपर आणि ग्लासीन (पातळ, चकचकीत, अर्धपारदर्शक कागद) जुन्या पुडीसारखे दिसतात खरे, पण दोन्ही वाजतात. कागद ठरवायच्या आधी रिकाम्या खोलीत कोणाला तरी दहा पावलांवर बसवून पुडी चुरगाळून बघा.

निलगिरी नको. दम्याचं माणूस शेजारी असतं, बंद एसीत चारशे पुड्यांचा वास एकत्र होतो, आणि तेलाचा डाग तिकिटावर उतरून क्रमांक पुसट होतो. अत्तराची गोष्ट वेगळी होती, ते नाटक मंडळीच्या हातात होतं, प्रेक्षकाच्या खिशात नव्हतं. तुम्हाला वास हवाच असेल तर प्रवेशद्वाराशी, त्या टेबलावर वाटीत ठेवा. आणि पुडीत भुकटी, साखर, बडीशेप काहीही घालू नका, खुर्च्यांखाली सांडलं की मुंग्या लागतात आणि नाट्यगृहाची माणसं पुढच्या वेळी तारीख देताना ते विसरत नाहीत.

पूर्वी संगीत नाटकांच्या वेळी पदांच्या पुस्तिका मिळायच्या. लोक त्या घरी नेऊन वर्षानुवर्षं ठेवत, त्यावरून पदं पाठ करत. कितीतरी घरांतून त्या अजून सापडतात. तिकिटं मात्र कुठे सापडत नाहीत. तुमच्या पुडीच्या आतल्या बाजूला नुसती श्रेयनामावली छापण्यापेक्षा वाचण्यासारखं काही द्या. नाटकातला एखादा उतारा, किंवा कंपाउंडर म्हणजे काय हे आजच्या पोरांना कळेल असे दहा-बारा ओळींचे शब्द. तुम्ही वर पुडीच्या घडीबद्दल जे लिहिलंय तेच छापलंत तरी चालेल. लोक सोडलेली पुडी पुन्हा बांधून बघतील.

फोनवाल्यांचं: क्यूआर कोड पाठवा, पण पुडी त्यांनाही द्या. शहरात तीन-चार ठिकाणं ठरवा, जिथे आठ दिवस आधीपासून संदेश दाखवून पुडी घेता येईल. न नेलेल्यांची त्या टेबलावर मिळेल. त्यांच्या पुडीत छापील तिकीट असेल तर तेच दाराशी चालवा आणि कोड रद्द धरा. दोन्ही चालू ठेवलंत तर एका खुर्चीवर दोन माणसं येतील.

दराचं एक. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही. तुमचं २०० आहे, प्रश्नच नाही. पण वेष्टनाचे पैसे वेगळे लावू नका, "पुडीसह इतके, पुडीशिवाय इतके" असे दोन दर केले की हिशेब आणि प्रेक्षक दोघंही गोंधळतात.

मेडिकलवाली_विटा

माझं औषधांचं दुकान आहे. तिसरीघंटा काकांनी ठिकाणं म्हटलंय, तर औषधाच्या दुकानांतच ठेवा की! पुडी औषधाची, मिळते औषधाच्या दुकानात. सांगली-मिरजेत दुकानांना काय तोटा, एवढी हॉस्पिटलं आहेत. काउंटरवर काचेची बरणी ठेवायची, त्यात पुड्या. गिऱ्हाईक बिलाची वाट बघत उभं असतं तेव्हा त्याचं लक्ष तिथेच जातं. दुकानदाराने छपाईचा खर्च उचलला तर पुडीच्या मागे त्याचं नाव छापा, आमच्यात असे हौशी बरेच आहेत.

पण माझ्या धंद्याच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी सांभाळा. पुडीवर "आरएक्स" चिन्ह नको, चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांवर असते तशी उभी लाल रेघ नको, कोणत्याही खऱ्या औषधाचं किंवा डॉक्टरांचं नाव नको. आमच्या दुकानात आज्जी-आजोबा येतात, पिशवीत दहा पुड्या-पट्ट्या असतात. बाहेर "नाटकाचं तिकीट" हे शब्द लांबून वाचता येतील असे हवेत. लहान मुलाने औषध समजून तोंडात घालायला आत काही नसेल हे काकांनी सांगितलंच आहे, ते माझ्याकडूनही दोनदा समजा.

"सर्व दुखण्यांवर गुणकारी" गमतीचं आहे हे मोठ्यांना कळेल. तरी कुठल्या आजाराचं नाव घेऊन काही लिहू नका. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर १९५४पासून कायदा आहे. तुमचं नाटक म्हणजे काही औषध नव्हे, पण दुकानाच्या काउंटरवर तसा मजकूर ठेवायला माझ्यासारखी दुकानदार कचरेल. त्यापेक्षा डोसाची भाषा वापरा. ती कोणालाही टोचत नाही.

डोसावरून सुचलं. तुमची ती कापलेली पट्टी सील म्हणून डकवलीत तर ती पहिल्याच दिवशी फाटून जाईल आणि एवढी सुंदर गोष्ट वाया जाईल. तिच्या तीन खाचा ठेवा. पहिलीवर "आठ दिवस आधी", दुसरीवर "आदल्या दिवशी", तिसरीवर "प्रयोगाच्या आधी अर्धा तास". पट्टी पुडीत नुसती खोचा, थोडी बाहेर डोकावेल अशी. काका म्हणतात तसं माणसाला प्रयोगाला आणायचं असेल तर घरात रोज दिसणारं हेच.

माझ्या सासऱ्यांकडे अजून जुना खल आणि मापाचा काचेचा ग्लास आहे. ते सांगतात, पेशंट बाटली घरून घेऊन यायचे, बहुतेकदा तेलाची धुतलेली. गोळ्यांच्या पट्ट्या आल्या आणि पुड्या गेल्या. नेपथ्याला वस्तू लागल्या तर कळवा, प्रयोगापुरत्या देऊ.

विंगेतला

तिसरीघंटा यांनी भिडेच्या तिकिटांबद्दल लिहिलंय ते वाचून माझं मत थोडं बदललं. रिकाम्या खुर्च्यांपुढे चांगली बसलेली तालीमही फिकी पडते, हे मी पाहिलेलं आहे. फक्त खर्च पाचाच्या वर जाऊ देऊ नका आणि पुड्या बांधायला नटांना बसवू नका. शेवटच्या आठवड्यात त्यांना वाक्यं घोकू द्या.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतील, म्हणून काय ठरलं तेच लिहिते.

तीन कागद आणून आवाजाची परीक्षा घेतली, तालमीच्या हॉलमध्ये दिवे घालवून. बटर पेपर शेवटच्या रांगेत बसून चुरगाळला तर पहिल्या रांगेत ऐकू आला. ९० जीएसएमचा पिवळसर मॅपलिथो दोन खुर्च्यांपलीकडे जात नाही. तोच घेतला. छपाई गडद निळ्यात. बाहेरच्या अंगावर वर "नाटकाचं तिकीट", खाली वडिलांच्या अक्षरात तारीख आणि वेळ. त्यांच्या जुन्या वहीतले आकडे आणि अक्षरं स्कॅन करून जुळवली. त्यांचा नऊ खालून शेपटी ओढलेला असायचा, तो तसाच ठेवला आहे. गुणकारी वगैरे सगळं काढलं.

आतल्या बाजूला आमच्या लेखकाने पंधरा ओळी लिहिल्या आहेत, कंपाउंडरच्या दिवसाबद्दल: सकाळी उकळत्या पाण्यात सिरिंज आणि सुया टाकण्यापासून ते रात्री खल पुसून पालथा घालेपर्यंत. त्याखाली पुडी बांधायची कृती, चार छोट्या आकृत्यांत. आकृत्या मी काढल्या. तिसऱ्या आकृतीत टोक कोणत्या खाचेत जातं ते कागदावर दाखवणं भलतंच अवघड निघालं. शेवटी कागदाच्या मागच्या बाजूला बारीक तिरक्या रेघा मारल्या, म्हणजे कोणती बाजू वर आली ते कळतं.

तिकीट पांढऱ्या कार्डावर, काळी शाई, रांग आणि क्रमांक सगळ्यात मोठे, दोन्ही तुकड्यांवर. फॉन्ट मुक्ता घेतला आहे, आकडे ठसठशीत आहेत आणि तो सगळ्यांना विनामूल्य मिळतो. गल्लीतल्या प्रेसमध्ये विचारलं तर खरंच मागच्या खोलीत ट्रेडल होतं. परफोरेशन तिथेच होणार. एकूण खर्च नगाला साडेचार रुपयांच्या आसपास आला. उरलेल्या पैशांतून प्रकाशयोजनेसाठी आणखी अर्धा दिवस नाट्यगृह मिळतंय का ते खजिनदार विचारत आहेत. विंगेतला सर, हे तुमच्यासाठी.

डोसाची पट्टी मेडिकलवाली ताईंनी सांगितली तशीच, तीन खाचांची. माझ्या आठवीच्या वर्गातली मुलं कापून देणार आहेत. कंपाउंडर हा शब्द त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलेलाच नव्हता. पट्टी घडी घालून कापली आणि उलगडली की सगळ्या खाचा सारख्या येतात हे बघून एकाने विचारलं, "मॅडम, मोजपट्टी न लावता?" तर हो, मोजपट्टी न लावता.

टेबलावर पांढऱ्या कोटातली दोन मुलं बसतील, निलगिरीची वाटी त्यांच्यापाशीच. सांगलीतली दोन आणि मिरजेतलं एक औषधाचं दुकान बरण्या ठेवायला तयार झालं आहे. ताई, विट्यातून तुमची एक बरणी धरू का? आणि खल नक्की हवाय, आमच्याकडचा पितळी आहे, दवाखान्यात चिनी मातीचा असायचा. कुठे यायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवा, रविवारी येऊन घेऊन जाते.